घारापुरी एका दिवसात नीट कशी बघावी? सोबत सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा

जाईजुई:
नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी मुंबईजवळच्या घारापुरीची (एलिफंटाची) लेणी बघायचा बेत आहे. मोठे तिघं आणि एक मुलगा. सासूबाई ७२ वर्षांच्या. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालतात, पण चढउतारात गुडघे त्रास देतात. मुलाला कंटाळा यायला वीस मिनिटं पुरतात.

विचारायचं आहे ते असं. गेटवे ऑफ इंडियाहून कोणती बोट धरावी? पायऱ्या सासूबाईंना झेपतील का, की त्यांना खालीच बसवावं? गाइड घ्यावा का? आणि मुख्य म्हणजे, "त्रिमूर्ती पाहिली, फोटो काढला, परत फिरलो" असं व्हायला नको. आत कुठून सुरुवात करावी, कशासमोर थांबावं, हे कोणी नीट सांगेल का? बाकीच्या लेण्यांत वेळ घालवण्यासारखं काही आहे का?

खाडीकाठ:
बोटीचं मी सांगतो, शिल्पांचं जाणकार सांगतील.

गेटवेहून पहिली बोट नऊच्या सुमाराला सुटते आणि शेवटची दुपारी दोनच्या आसपास. पोचायला साधारण एक तास. बेटावरून परतीची शेवटची बोट साडेपाचच्या सुमारास, पण तिच्या भरवशावर राहू नका. उतरल्या उतरल्या धक्क्यावर त्या दिवशीची वेळ विचारून घ्यावी. राहण्याची परवानगी पर्यटकांना नाही, त्यामुळे बोट चुकवून चालत नाही.

तुमच्यासाठी पहिली किंवा दुसरी बोट. शनिवारी अकरानंतर गेटवेवर रांग लागते आणि बेटावर तीन ते पाच या वेळात परतीची रांग त्याहून मोठी असते. सकाळी नऊला निघालात तर दोनच्या आत परतीच्या बोटीत बसता येतं.

तिकीट जाऊन-येऊन एकच असतं. खिडकीवरूनच घ्या, मध्ये हाका मारणाऱ्यांकडून नको, आणि परतीचा अर्धा भाग जपून ठेवा. परतताना तो मागतात, आणि बहुतेकांचा तो मुलाच्या खिशात चुरगळलेला सापडतो. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे किरकोळ पैसे बोटीतच घेतात. सासूबाईंना वर नेऊ नका, शिडी अरुंद आणि उभी असते. खाली मधल्या भागात बसवा, तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. ज्यांना बोट लागते त्यांनीही पुढच्या टोकाला बसू नये. डिसेंबर २०२४ च्या अपघातानंतर लाइफ जॅकेटची सक्ती आहे. मुलाला त्याच्या मापाचं मिळालंय का ते बोट सुटण्याआधी बघा, सुटल्यावर शोधाशोध अवघड.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. गुडघेदुखीला पायऱ्यांपेक्षा बोटीत चढणं-उतरणं जास्त जड जातं. गेटवेच्या धक्क्याला बोटी एकीला एक लावलेल्या असतात, तेव्हा कधी कधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकत जावं लागतं. ओहोटी असेल तर धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असतं. खलाशी हात देतात. त्यांचा हात धरण्यापेक्षा मनगट धरायला सांगा, पकड सुटत नाही. आणि बोट वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही.

सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी गेटवेवर बंदराची फेरी मिळते, ती बेटावर उतरवत नाही. हे न विचारता तिकीट काढणारे बरेच असतात.

पायवाट:
पायऱ्या सुमारे १२० आहेत. एकेक पायरी फार उंच नाही, पण मापं सारखी नाहीत आणि दोन्ही बाजूंना दुकानं असल्यामुळे माणसं मध्येच थांबतात. वर ताडपत्री असते, ऊन लागत नाही. पंधरा-वीस पायऱ्या, मग दुकानापाशी मिनिटभर टेकायचं, असं केलं तर बरेच ज्येष्ठ अर्ध्या तासात वर पोचतात. काठी असेल तर न्या. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, म्हणून काठीची गरज खरी तेव्हा.

त्याआधी धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लांबच लांब बांध आहे, जवळजवळ किलोमीटरभर. छोटी गाडी चालू असेल तर सासूबाईंना तीत बसवा. एवढं चालणं त्या सहज चालतील, पण त्यांची ताकद आत लेण्यात उभं राहायला लागणार आहे, ती बांधावर कशाला खर्च करायची?

पायथ्याशी डोलीवाले असतात. बांबूंना खुर्ची बांधलेली, चौघं उचलतात. ठरवताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: पैसे फक्त चढायचे की उतरायचेही, वर थांबण्याचे वेगळे का, आणि आकडा चौघांचा मिळून की माणशी. भांडणं होतात ती या तिसऱ्यावर. माझं मत, डोली चढताना घ्यावी की नाही हे सासूबाईंना ठरवू द्या, उतरताना मात्र घ्यावी. त्यांना खालीच बसवून ठेवू नका. वर गेल्यावर मुख्य लेण्याभोवतीचं आवार सपाट आहे.

पैसे दोनदा द्यावे लागतात. खाली ग्रामपंचायतीचा किरकोळ कर, वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट, भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना नाही. खात्याचं तिकीट ऑनलाइनही मिळतं, पण ते गेटवेवरच काढून ठेवा, बेटावर नेटवर्कचा नेम नाही. सुट्टे बरोबर ठेवा.

माकडं. हातात बाटली, चिप्स, आइस्क्रीम काहीही दिसायला नको. रंगीत सरबताची बाटली त्यांना लांबून ओळखू येते आणि झाकण काढायलाही जमतं. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला तरी खाऊ आहे असंच समजतात. माकडानं काही ओढलं तर सोडून द्यायचं. मुलाला हे आधी सांगा, कारण मुलं ओढून धरतात आणि ओरखडा तिथेच बसतो. पाणी माणशी लिटरभर, ते बंद पाठपिशवीत.

शिळाशोधक:
आत कुठून सुरुवात करावी, हा प्रश्न विचारलात याचा आनंद झाला. बहुतेक लोक उत्तरेच्या दारातून शिरतात, समोर चाळीसेक मीटरवर ती मोठी मूर्ती दिसते, सरळ तिच्याकडे चालत जातात आणि मग उरलेलं लेणं उलटसुलट बघतात.

आधी आराखडा डोक्यात घ्या. लेणं तीन बाजूंनी उघडं आहे: उत्तर, पूर्व, पश्चिम. दक्षिणेची भिंत बंद आणि तिच्या मध्यावर सदाशिव, म्हणजे सगळे जिला त्रिमूर्ती म्हणतात ती मूर्ती. म्हणजे उत्तर-दक्षिण हा एक अक्ष. दुसरा अक्ष पूर्व-पश्चिम: पूर्वेच्या दारात उभं राहून सरळ पाहिलं की खांबांच्या ओळीतून पश्चिमेकडचा लिंगाचा गाभारा दिसतो. दोन अक्ष, दोन केंद्रं. देवळाचं म्हणून जे केंद्र आहे ते लिंग, आणि आपण सगळे बघायला जातो ते दुसरं. हे कळलं की लेणं गोंधळाचं वाटत नाही.

म्हणून क्रम असा: उत्तरेच्या दारातून आत आलात की डावीकडे वळा आणि प्रदक्षिणेसारखं फिरा.

दाराच्या डाव्या हाताला योगीश्वर. कमळावर पद्मासनात बसलेला शिव, कमळाचा देठ नागांनी धरलेला. हात तुटलेत. आधी शांत शिव, आणि फेरीच्या शेवटी दाराच्या दुसऱ्या बाजूला नाचणारा. दोघं दाराच्या दोन अंगांना आहेत ते उगाच नाही.

मग पूर्वेचं दार. इथे दोन शिल्पपट समोरासमोर आहेत: कैलासावरचे शिव-पार्वती, आणि तोच कैलास हलवणारा रावण. रावणाचा पट फार फुटलाय, पण खालून लावलेला जोर आणि वर निश्चिंत बसलेला शिव हा विरोध अजून कळतो. मुलाला रावण किती हातांचा ते मोजायला सांगा, वीस मिनिटांतली पाच मिनिटं तिथेच जातील.

दक्षिण भिंतीवर तीन मोठे पट सलग आहेत. पहिला अर्धनारीश्वर. समोर उभं राहिलं की आपल्या उजव्या हाताची बाजू पार्वतीची, तिच्या हातात आरसा. डावी बाजू शिवाची, नंदीवर रेललेली. एकाच शरीरात दोन वेगळे तोल आहेत. कमरेपाशी पाहा, रेघ कुठे बदलते ती.

मध्ये सदाशिव, साडेपाच मीटरच्या आसपास उंच, आणि तोही फक्त छातीपर्यंत. गाइड याला ब्रह्मा-विष्णू-महेश सांगतात. ते बरोबर नाही. तिन्ही मुखं शिवाचीच. मधलं तत्पुरुष, डोळे मिटलेले, डाव्या हातात महाळुंगाचं फळ. आपल्या डाव्या हाताला अघोर: मिशा, वळलेल्या भिवया, हातात नाग. उजव्या हाताला वामदेव, ज्याला उमेचं मुख असंही म्हणतात: कोवळा चेहरा, मोत्यांच्या लडी, हातात कमळ. चौथं मुख मागे, खडकात, न दाखवलेलं. पाचवं, ईशान, वर, तेही कोरलेलं नाही. "त्रिमूर्ती" हे नाव तोंडात बसलंय, बदलणार नाही, पण मुलाला खरं सांगा.

तिसरा पट गंगाधर. शिवाच्या डोक्यावर तीन डोक्यांची छोटी स्त्री आकृती आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गंगा, यमुना, सरस्वती. पायाशी भगीरथ. शेजारी पार्वती उभी आहे, तिचा चेहरा आणि उभं राहणं नीट पाहा. नवऱ्याच्या डोक्यावर दुसरी बाई उतरतेय, हे कोरणाऱ्यानं विसरलेलं नाही, असं मला वाटतं.

पश्चिमेला पुन्हा दोन पट समोरासमोर. एकीकडे शिवपार्वतीचं लग्न. पार्वती शिवाच्या उजव्या बाजूला, कारण लग्न लागेपर्यंत वधूची जागा तीच. कोपऱ्यात ब्रह्मा भटजी होऊन बसलाय. हा पट सासूबाईंना नक्की आवडेल, त्यांना गाइडपेक्षा जास्त कळेल. समोर अंधकासुराचा वध: आठ हात, वर ताणून धरलेलं हत्तीचं कातडं, सुळे दिसणारं तोंड, आणि रक्त जमिनीवर पडू नये म्हणून धरलेलं पात्र. खालचा भाग उरलेला नाही. लग्न आणि वध समोरासमोर, मान वळवली की दुसरं.

याच पश्चिमेच्या बाजूला लिंगाचा गाभारा. चार दिशांना चार दारं, प्रत्येकाला दोन, म्हणजे आठ द्वारपाल. दक्षिण दारावरचे त्यातल्या त्यात शाबूत. रोजची पूजा इथे होत नाही.

शेवटी नटेश, दाराच्या उजव्या अंगाला. पाय तुटलेत, तरी छातीचा पीळ आणि आडवा गेलेला हात यांतून नाच अजून चालू आहे. वरती हंसांवर ब्रह्मा, गरुडावर विष्णू, ऐरावतावर इंद्र, ते शोधा.

या सगळ्याला दीड तास धरा. शिरल्या शिरल्या पाच मिनिटं काही बघू नका, खांबापाशी उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना तेवढा वेळ लागतोच, आणि पहिल्या पाच मिनिटांत पाहिलेलं काळं आणि सपाट दिसतं.

तिरपाउजेड:
शिळाशोधक यांच्या क्रमाला माझी एक पुरवणी. सकाळी पहिल्या बोटीनं गेलात तर पूर्वेकडून उजेड येतो, म्हणून पूर्वेचे पट आणि अर्धनारीश्वर आधी बघणं प्रकाशालाही धरून आहे. पश्चिमेचं लग्न आणि अंधकवध दुपारनंतर जास्त खुलतात. तुम्ही दोनला निघणार असाल तर ते दोन पट थोडे अंधारात मिळतील, हे धरून चला. सदाशिवावर थेट ऊन येत नाही, उत्तरेचा पसरलेला उजेड पोचतो, तो दिवसभर जवळपास सारखाच.

फ्लॅश लावू नका. समोरून उजेड मारला की सावल्या जातात आणि खोलगट कोरीव काम पोस्टरसारखं सपाट येतं. त्याऐवजी पटाच्या बाजूला सरका, तिरक्या उजेडात उठाव दिसतो. तिपाईला खात्याची परवानगी लागते, म्हणून फोन खांबाला टेकवून धरा. संपूर्ण सदाशिव चौकटीत हवा असेल तर मागे हटत खांबांच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत जा. जवळून फक्त नाकपुड्या येतात.

गाइडबद्दल: घ्यायचा तर खात्याचं किंवा पर्यटन विभागाचं ओळखपत्र बघून घ्या. पहिला प्रश्न विचारा, "मधली मूर्ती कोणाची?" उत्तर ब्रह्मा-विष्णू-महेश आलं तर वरचा प्रतिसाद छापून नेलेला बरा.

शिळाशोधक:
छापून न्या, पण वाचत वाचत फिरू नका. बोटीत वाचा, तासभर आहेच.

एक राहिलं. काही खांब फार गुळगुळीत, नवे दिसतात, ते दुरुस्तीचे आहेत. जुन्या फोटोंत काही खांब खालून नाहीसे झालेले आणि वरचा तुकडा छताला लटकलेला दिसतो. तरी छत पडलं नाही, कारण खांब आणि छत वेगळे रचलेले नाहीतच, सगळा एकच बेसॉल्ट. हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर आतून काढून टाकल्यावर जे उरलं ते. खांब एका मापाचेही नाहीत. तोडफोडीचं खापर पोर्तुगीजांवर फोडतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे (बेट १५३४ पासून त्यांच्याकडे होतं), पण खडकाच्या भेगांतून झिरपणारं पाणीही तेवढंच जबाबदार. पावसाळ्यात आत ठिबकतं ते त्याच भेगांतून.

कोणी कोरलं याचा शिलालेख आज नाही. एक होता, तो पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तिथे हरवला. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत, शैलीही सहाव्या शतकाची, म्हणून बहुतेक अभ्यासक कलचुरींचं नाव घेतात. कोणी पांडवांनी एका रात्रीत कोरलं म्हणालं तर नुसती मान डोलवा.

मुख्य लेण्याच्या पूर्वेच्या अंगणातून खाली उतरलं की सिंहांनी राखलेला वेगळा गाभारा आहे, त्याला प्रदक्षिणामार्गही आहे. बाजूच्या दालनात मातृका (मातृदेवता), त्यांच्या दोन टोकांना गणेश आणि कार्तिकेय. तिथे गर्दी नसते. सासूबाईंना बसायला हीच जागा बरी.

जाईजुई:
एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप आभार! दोन शंका उरल्या. भरती-ओहोटीची वेळ आधी कशी कळणार? आणि मुलासाठी वर तोफा आहेत असं ऐकलं, ते कितपत चढायचं? बाकीच्या लेण्यांचंही राहिलं.

खाडीकाठ:
भरतीच्या वेळा फोनवर मिळतात, पण पंचांगावरूनही जमतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्ध्या तासाचा फरक धरा, कामापुरतं चालतं.

तुमच्या हिशोबानं पौर्णिमा किंवा अमावस्येच्या जवळचा शनिवार बरा. भरती सकाळी अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे नऊला चढताना पाणी वर येत असतं आणि दहाला उतरताना धक्का आणि बोट जवळपास एका पातळीला. अष्टमीच्या आसपास मात्र ओहोटी बरोबर दुपारी येते.

परतताना बोट पश्चिमेकडे जाते आणि जानेवारीत दुपारनंतर समोरून वारा सुटतो. तीननंतर निघालात तर पुढे बसलेल्यांवर तुषार येतात. अजून एक कारण दोनच्या आत निघायचं.

पायवाट:
तोफांची टेकडी म्हणजे लेण्यांच्याच डोंगराचा माथा. मुख्य लेण्याजवळून वाट निघते, वीस-पंचवीस मिनिटं चढ, सावली कमी. ब्रिटिशकाळातल्या दोन तोफा आहेत आणि वरून बंदर, न्हावाशेव्याच्या क्रेन, तेलाच्या जहाजांचं जवाहर द्वीप दिसतं. मुलाला एकानं न्यावं, सासूबाईंबरोबर दुसऱ्यानं थांबावं. साडेअकराच्या आत वर जाऊन या, नंतर खडक तापतो.

दोन ते पाच क्रमांकाची लेणी त्याच डोंगराला वळसा घालून सपाट वाटेवर आहेत. अर्धा तास पुरे. बरीच पडझड आहे, काहींचे खांब नव्यानं लावलेले. सहावं, सीताबाईचं देऊळ, आणि सातवं पलीकडच्या स्तूपाच्या टेकडीवर. तिकडे बौद्ध अवशेषही आहेत. पण या फेरीत ते सोडा. दरी ओलांडून जावं लागतं, वाट झाडोऱ्यातली आणि परतीच्या वेळेचं गणित बिघडतं.

जेवण पायथ्याशी उतरल्यावर घ्या. वर चढण्याआधी खाल्लं तर पायऱ्या जड जातात आणि माकडांना वासही लागतो.

तिरपाउजेड:
मुलगा "एलिफंटा म्हणतात तर हत्ती कुठे?" असं विचारणारच. हत्ती होता, बेटाच्या दक्षिणेला राजबंदरापाशी, दगडी. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी नाव ठेवलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि तो फुटला. तुकडे राणीच्या बागेत आणले, १९१४ मध्ये जुळवले, आणि तो आजही भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. सांधे स्पष्ट दिसतात. त्याच शनिवारी संध्याकाळी दोन्ही जमवायला जाऊ नका, सासूबाई थकलेल्या असतील. रविवारी न्या. बुधवारी ते बंद असतं.